पंपिंग २८ टक्के: डिस्चार्जनंतरचं वर्ष आणि बाबांची हार्ट फेल्युअर टीम

बाबांच्या डिस्चार्जच्या कागदावर 'ईएफ २८ टक्के' असं लिहिलं होतं. नुकतीच बारा महिन्यांची तपासणी पार पडली. या वर्षात कोण कधी भेटलं, कशासाठी किती थांबावं लागलं, कुठे चुकलं आणि का चुकलं, ते क्रमाने लिहिते आहे. ज्यांच्या हातात असाच कागद नुकताच पडला आहे त्यांच्यासाठी. औषधांचे डोस आणि आकडे बाबांचे आहेत. तुमच्या माणसाचे वेगळे असतील आणि ते त्यांची टीमच ठरवेल.

आधी त्या २८ बद्दल. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलणं हृदयाला जमत नाही, किंवा ते जमवताना आतला दाब वाढतो आणि पाणी फुफ्फुसांत, पायांत, पोटात साठतं. ईएफ, म्हणजे ज्याला सगळे 'पंपिंग' म्हणतात, तो आकडा एवढंच सांगतो की डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडलं. निरोगी हृदयाचाही तो १०० नसतो, साधारण ५५ ते ७० च्या घरात असतो. ४० किंवा कमी म्हणजे पंपिंग घटलेलं, ४१ ते ४९ म्हणजे थोडं घटलेलं. ५० किंवा वर असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, कारण तिथे हृदय आकुंचन नीट पावतं पण सैल पडत नाही. '२८ म्हणजे हृदयाचा पाऊण भाग गेला' असं घरात दोन दिवस सगळे धरून बसले होते. तसं नसतं.

डिस्चार्जचा दिवस

सहा दिवस शिरेतून फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, देऊन पाणी काढलं होतं. भरती होताना वजन ७४.६ किलो, निघताना ६८.९. पायांवर सूज नाही, सपाट झोपता येतंय, फुफ्फुसं मोकळी, अशा वेळचं हे वजन म्हणजे 'कोरडं वजन'. पुढचं सगळं वर्ष या आकड्याभोवती फिरलं, त्यामुळे तो कागदावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.

निघायच्या आधी हार्ट फेल्युअरच्या नर्स, आम्ही त्यांना सिस्टरच म्हणतो, अर्धा तास बसल्या. सांगून झाल्यावर त्यांनी बाबांनाच विचारलं, "काका, आता तुम्ही मला सांगा. वजन किती वाढलं की फोन करायचा?" बाबा म्हणाले, "पाच किलो." त्यांचा हिशेब सरळ होता: पाच-साडेपाच किलो पाणी काढलं, म्हणजे तेवढं परत आलं की सांगायचं. सिस्टरांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं की फोन. पाच किलो वाढेपर्यंत थांबलं तर गाठ फोनशी पडत नाही, अँब्युलन्सशी पडते. मग पुन्हा विचारलं, आणि बरोबर उत्तर आल्यावरच पुढच्या मुद्द्याकडे गेल्या. समजलं का असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. तुम्ही सांगा म्हटलं की काय कळलं नाही ते बाहेर येतं. घरातल्या प्रत्येकाला असंच उलट विचारून घ्या.

टीममध्ये कार्डिओलॉजिस्ट, सिस्टर, फार्मासिस्ट, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक आणि आमचे फॅमिली डॉक्टर असे सातजण. सातजणांची नावं एका कागदावर असणं म्हणजे टीम नव्हे, हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं. पहिला फोन कुणाला करायचा हे ठरलेलं असावं लागतं, आणि एकाने केलेला बदल बाकीच्यांपर्यंत पोचावा लागतो. आमचा पहिला फोन सिस्टरांना. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्या नंबरवर, तेही त्याच कागदावर लिहून घेतलं. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, गुलाबी फेस असलेला खोकला, यांपैकी काही झालं तर फोनाफोनी न करता थेट इमर्जन्सी.

पहिला आठवडा

पहिल्या सकाळी घरच्या काट्यावर वजन आलं ७०.०. रात्रीत १.१ किलो वाढले म्हणून धावपळ झाली. वाढलं काहीच नव्हतं, दोन काटे वेगळे होते. सिस्टर म्हणाल्या, हॉस्पिटलचा आकडा आता विसरा. घरच्या काट्यावरचा पहिल्या सकाळचा आकडा हेच तुमचं कोरडं वजन. म्हणून काटा डिस्चार्जच्या आधीच घरी आणून ठेवा. अंकी असावा, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा. तो कडक फरशीवर एकाच जागी ठेवायचा, सतरंजीवर किंवा गालिच्यावर नाही. सकाळी उठल्यावर, लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं.

वहीचं एक पान म्हणजे एक आठवडा. रकाने असे: तारीख, वजन, बीपी, नाडी, पायांची सूज, किती उशा, आणि शेवटी 'आज काय वेगळं'. बीपी पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकून, पाय खाली ठेवून. सूज बघायला नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरायचा आणि उचलल्यावर खळगा राहतो का ते पाहायचं. 'किती उशा' हा रकाना सिस्टरांनी घालायला लावला. कालपर्यंत एका उशीवर झोपणारा माणूस आज दोन मागतो, तेव्हा पाणी साठायला लागलेलं असू शकतं, आणि कधी कधी ते काट्यावर दिसायच्या आधी उशीवर दिसतं. वर्षभरात सगळ्यात उपयोगी पडला तो मात्र शेवटचा रकाना. ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा ठरलेला फोन आला, दहा मिनिटांचा.

चौथ्या दिवशी फार्मासिस्टची भेट. निरोप होता की घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. चालू, बंद, अर्धवट उरलेली, मलमं, काढे, सगळी. पिशवीत रामिप्रिलची पट्टी निघाली. बीपीसाठी ती कित्येक वर्षं चालू होती. हॉस्पिटलमध्ये ती बंद करून, मधे ठरलेलं अंतर सोडून सॅक्युबिट्रिल-वलसार्टन सुरू केलं होतं. पण डिस्चार्जच्या कागदावर नव्या गोळीखाली 'पूर्वीची औषधं चालू ठेवावीत' अशी एक ओळ छापून आली होती, आणि बाबा दोन्ही घेत होते. या दोन गोळ्या एकत्र चालत नाहीत. एक थांबवून दुसरी सुरू करताना मधे किमान ३६ तास जावे लागतात, नाहीतर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडकण्याचा धोका असतो. बाबांना सुदैवाने तसं काही झालं नव्हतं. फार्मासिस्टनी तिथूनच कार्डिओलॉजिस्टना फोन केला आणि पट्टी स्वतःकडे ठेवून घेतली. मग आमच्यासमोर नवी यादी केली, तीन रकान्यांची: नवीन, चालू, बंद. 'बंद' हा रकाना मागून घ्या. बहुतेक कागदांवर काय घ्यायचं ते असतं, काय थांबवायचं ते नसतं.

यादीत प्रत्येक औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरात आणि कंपनीचं नाव खाली छोट्या अक्षरात. दुकानात दुसऱ्या कंपनीची पट्टी मिळाली की ती वेगळं औषध समजून दोन्ही घेतल्या जातात. बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे नाडी मंद करणाऱ्या गोळीच्या, बाबतीत असं झालं तर डोस दुप्पट होतो आणि नाडी फार मंदावते.

बाबांच्या गोळ्या तेव्हा अशा होत्या (आकडे मिलिग्रॅममध्ये): सॅक्युबिट्रिल-वलसार्टन २४/२६ दोन वेळा, बिसोप्रोलॉल (हाच बीटा ब्लॉकर) १.२५, स्पायरोनोलॅक्टोन २५, डापाग्लिफ्लोझिन १०, आणि लघवीची गोळी टॉरसेमाइड २०. पहिल्या चार आयुष्य वाढवणाऱ्या आणि पुन्हा भरती व्हायची वेळ कमी करणाऱ्या. पाचवी पाणी काढून आराम देणारी. हा फरक ठाऊक हवा, कारण लघवीच्या गोळीचा परिणाम दोन तासांत दिसतो आणि बाकी चारांचा दिसत नाही, त्यामुळे लोक चार सोडतात आणि एकच चालू ठेवतात.

सातव्या दिवशी क्लिनिक. अपॉइंटमेंट डिस्चार्जच्या वेळीच ठरली होती. ती तशीच ठरवून घ्या, कारण पहिल्या एक-दोन आठवड्यांतली तपासणी टळली की पाणी पुन्हा साठलेलं कुणाच्याच लक्षात येत नाही. पोटॅशियम ४.९, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.१ वरून १.३. रिपोर्टवर लाल अक्षर बघून काळजी वाटली. डॉक्टर म्हणाले, या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जाणं अपेक्षित असतं, आणि ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेक वेळा चालवून घेतात. घाबरून गोळ्या थांबवायच्या नाहीत, तपासणी मात्र चुकवायची नाही. बीपी १००/६४ होतं. चक्कर नसेल तर हे बीपी कमी धरत नाहीत. डॉक्टरांचं आमच्या डोक्यात बसलेलं वाक्य: आकड्यावर उपचार नाही, माणसावर.

चौदावा ते बाविसावा दिवस

या आठ दिवसांवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण टीम कशासाठी लागते ते इथे दिसलं.

चौदाव्या दिवशी बिसोप्रोलॉल १.२५ चं २.५ झालं. बीटा ब्लॉकर दुप्पट करताना मधे किमान दोन आठवडे ठेवतात आणि पाणी पूर्ण उतरलेलं असतानाच वाढवतात, कारण वाढवल्यावर सुरुवातीला काहींना थकवा येतो, काहींचं पाणी थोडं वाढतं. एकोणिसाव्या सकाळी वजन ७०.१. विसाव्या दिवशी ७०.९. एकविसाव्या दिवशी ७१.६. बाविसाव्या दिवशी ७२.४, नडगीवर खळगा, उशा दोन. तीन दिवसांत २.३ किलो. सकाळी आठला सिस्टरांना फोन केला.

वही उघडी ठेवूनच फोन करा. सिस्टरांनी आकडे लिहून घेतले आणि मग 'आज काय वेगळं' हा रकाना वाचायला सांगितला. अठराव्या दिवसापुढे लिहिलं होतं: 'गुडघा दुखतो, गोळी घेतली.' कुठली गोळी, कुणी दिली, किती दिवस? बाबा गुडघ्यासाठी दुसरीकडे दाखवून आले होते. तिथे हार्ट फेल्युअरचं कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. डायक्लोफेनॅक, दिवसातून दोनदा, चार दिवस.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गटाची वेदनाशामकं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि लघवीच्या गोळीचा जोर मोडतात. हार्ट फेल्युअरमध्ये ती टाळायचीच असतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, लावायचं औषध, शेक, आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. हेच आम्ही नंतर केलं.

त्याच सकाळी रक्त दिलं. पोटॅशियम ५.६. डायक्लोफेनॅकने तेही वाढतं, त्यामुळे कारण मिळालं असं वाटलं. पण सिस्टरांनी आहारतज्ज्ञांना जोडून घेतलं, आणि त्यांनी एकच विचारलं: "मीठ कुठलं वापरता? पाकीट हातात घेऊन वाचा." आम्ही काळजीपोटी 'लो सोडियम' मीठ आणलं होतं. अशा मिठात सोडियम कमी करायला पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-वलसार्टन दोन्ही पोटॅशियम शरीरात राखतात. त्यावर वेदनाशामक, त्यावर हे मीठ. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते वाढलेलं अंगाला जाणवेलच असं नसतं.

ठरलं ते असं: डायक्लोफेनॅक बंद, ते मीठ बंद, टॉरसेमाइड तीन दिवस २० ऐवजी ४०, स्पायरोनोलॅक्टोन निम्मं, म्हणजे १२.५. तिसऱ्या दिवशी वजन ७०.३. आठवड्याने पोटॅशियम ४.८, आणि स्पायरोनोलॅक्टोन पुन्हा २५.

बिसोप्रोलॉलला कुणी हात लावला नाही, ही यातली खरी गोष्ट. नुसतं वजन आणि नुकताच वाढवलेला डोस बघितला असता तर संशय बीटा ब्लॉकरवर गेला असता, तो कमी किंवा बंद झाला असता आणि बाबांच्या कागदावर 'सहन होत नाही' असा शेरा कायमचा लागला असता. वेदनाशामक सिस्टरांना सापडलं, मीठ आहारतज्ज्ञांना, आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये गेलं म्हणून डॉक्टरांना निर्णय घेता आला. त्या आठवड्यात आम्ही यादीच्या माथ्यावर लाल पेनाने लिहिलं: 'हार्ट फेल्युअर आहे. वेदनाशामक देण्याआधी या नंबरवर फोन करावा.' तिची प्रत बाबांच्या पाकिटात असते. दाताच्या डॉक्टरकडेही तीच दाखवतो.

अशा टीमचा पुरावा जुना आहे. १९९५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सत्तरीच्या पुढच्या २८२ रुग्णांचा अभ्यास छापून आला. नर्सच्या पुढाकाराने शिकवणं, आहार, औषधांची छाननी आणि घरी पाठपुरावा मिळालेल्या गटात ९० दिवसांत हार्ट फेल्युअरसाठी २४ वेळा पुन्हा भरती व्हावं लागलं, नेहमीच्या उपचारांच्या गटात ५४ वेळा. २०२२ चा स्ट्राँग-एचएफ अभ्यास डोस लवकर वाढवण्याबद्दल आहे: डिस्चार्जनंतर १, २, ३ आणि ६ आठवड्यांनी बोलावून, तपासून, दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत नेलं. १८० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा भरती १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के. बाबांचे डोस याहून सावकाश वाढले, कारण मधे हे पोटॅशियम आडवं आलं.

पाचवा आठवडा ते तिसरा महिना

पाचव्या आठवड्यात सॅक्युबिट्रिल-वलसार्टन ४९/५१, आठव्यात ९७/१०३. बिसोप्रोलॉल ५ पर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं, कारण नाडी ५२ वर आली. दहा हा पूर्ण डोस, पण सोसवेल तेवढाच आपला. नवव्या आठवड्यात उठताना चक्कर येऊ लागली, बीपी ९४/६०. मला वाटलं आता सॅक्युबिट्रिल-वलसार्टन कमी होणार. सूज नव्हती, वजन कोरड्या वजनाच्याही खाली होतं, म्हणून डॉक्टरांनी टॉरसेमाइड निम्मं केलं आणि चारही गोळ्या तशाच ठेवल्या. चक्कर चार दिवसांत गेली. बीपी कमी वाटलं की 'लघवीची गोळी कमी करता येईल का' हे आधी विचारा.

रिहॅबसाठी, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामासाठी, चार आठवडे वेटिंग होतं. नाव डिस्चार्जच्याच दिवशी नोंदवा. सुरुवातीला सहा मिनिटांत किती चालता येतं ते मोजलं, २९० मीटर. मग आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे: दहा मिनिटं अंग मोकळं करणं, वीस मिनिटं चालणं किंवा सायकल, हलकी वजनं, शेवटी हळूहळू थांबणं. बीटा ब्लॉकरमुळे नाडी नेहमीसारखी वाढत नाही, म्हणून नाडीवर व्यायाम मोजत नाहीत. बोर्ग मोजपट्टीवर ६ ते २० पैकी ११ ते १३, म्हणजे दम लागतो पण वाक्य पूर्ण बोलता येतं एवढाच जोर. ज्या दिवशी वजन वाढलंय किंवा बसूनही धाप आहे त्या दिवशी व्यायाम नाही, फोन. बारा आठवड्यांनी ३८५ मीटर.

थकवा तरी जात नव्हता. सातव्या आठवड्यात लोह तपासलं: फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ६८, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह) १५ टक्के. हिमोग्लोबिन जवळपास ठीक होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर लोहाची कमतरता धरतात. तोंडाने घेतलेल्या लोहाचा इथे फारसा उपयोग होत नाही, शिरेतून द्यावं लागतं. विम्याच्या पूर्वमंजुरीत सतरा दिवस गेले. पहिला अर्ज परत आला, कारण सोबत फक्त हिमोग्लोबिनचा रिपोर्ट जोडला होता. फेरिटिन, सॅच्युरेशन, ईएफचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र एकदमच जोडा. लोह कमी का झालं हेही शोधावं लागतं. फॅमिली डॉक्टरांनी पोटातून रक्तस्राव होत नाही ना याच्या तपासण्या करून घेतल्या.

आठव्या आठवड्यात सिस्टरांनी नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली भरून घेतली. २७ पैकी १२. बाबा रात्री जागे असायचे ते धापेमुळे नाही, पुन्हा धाप लागेल या भीतीने. आम्हाला हे माहीत नव्हतं. समुपदेशकांकडे सहा बैठका झाल्या. हा भाग कुणी सुचवायची वाट बघू नका, मागून घ्या. नैराश्य असलं की गोळ्या चुकतात, वजन करणं चुकतं, आणि बाहेरून ते हलगर्जीपणासारखं दिसतं.

मिठाबद्दल आहारतज्ज्ञांनी लावून दिलेला नियम सोपा होता: सगळं मिळून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. सकाळी एक सपाट छोटा चमचा मीठ वाटीत काढायचं, दिवसभराचं बाबांचं त्यातलंच. पाकिटबंद आणि खारवलेल्या पदार्थांतलं मीठ त्या वाटीत दिसत नाही, म्हणून ते पदार्थच नाहीत. फारच कडक करू नका असंही त्यांनी बजावलं. २०२२ च्या सोडियम-एचएफ अभ्यासात सोडियम दिवसाला १,५०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवायला सांगूनही मृत्यू किंवा भरती कमी झाली नाही. अळणी जेवणामुळे माणूस जेवणंच सोडतो आणि स्नायू झिजतात, त्याची त्यांना जास्त काळजी होती.

साडेतीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ठरली होती. चारही औषधं सोसवेल त्या डोसवर किमान तीन महिने झाल्यावरच आयसीडी, म्हणजे झटका देणारं यंत्र, बसवायचं का ते ठरवतात; ईएफ ३५ किंवा कमी राहिला तर तो विचार होतो. आमचे तीन महिने खरं तर आठव्या आठवड्यापासून मोजायला हवे होते, म्हणून डॉक्टरांनी आणखी सहा आठवडे थांबवलं. ते सहा आठवडे जड गेले. इकोमध्ये ईएफ ३७. यंत्र नको. ईसीजीत क्यूआरएस, म्हणजे विजेचा संदेश खालच्या कप्प्यांत पसरण्याची खूण, अरुंद, १०४ मिलिसेकंद, त्यामुळे दोन्ही कप्पे एका लयीत आणणाऱ्या पेसमेकरचाही प्रश्न नव्हता.

त्याच वेळी लॅबच्या फॉर्मवर हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्ततपासणीसाठी चुकून बीएनपी लिहिलं गेलं होतं. सॅक्युबिट्रिल चालू असताना औषधामुळेच बीएनपी वाढलेलं दिसू शकतं. एनटी-प्रो-बीएनपी करावं लागतं. रक्त देण्याआधी फॉर्म वाचा. अशीच दुसरी गोष्ट: डापाग्लिफ्लोझिन चालू असताना लघवीत साखर दिसणारच, औषधाचं कामच ते. त्यावरून मधुमेह आहे किंवा बिघडला असं कुणी म्हणालं तर रक्तातली साखर बघायला सांगा.

पुढचे महिने

चौथ्या महिन्यात बाबांनी फार्मासिस्टना एकटं गाठून सांगितलं की छातीच्या टोकांना दुखतं, सूज वाटते. दोन महिने संकोचाने कुणाला बोलले नव्हते आणि मनातून ती गोळी सोडायच्या विचारात होते. स्पायरोनोलॅक्टोनने काही पुरुषांना हे होतं. एप्लेरेनोन दिलं, दुखणं गेलं. डॉक्टरांसमोर जे बोलवत नाही ते दुसऱ्या कुणासमोर बोलता येतं, म्हणून भेटीत पाच मिनिटं रुग्णाला एकटं सोडा.

पाचव्या महिन्यात जुलाब-उलट्या. अशा दिवशी काय थांबवायचं हे आधीच लिहून घेतलेलं होतं: डापाग्लिफ्लोझिन आणि टॉरसेमाइड लगेच थांबवायचं, बाकीच्या गोळ्यांबद्दल सिस्टरांना त्याच दिवशी विचारायचं, आणि खाणंपिणं नीट सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत सगळं परत. परत सुरू करायची तारीखही लिहून घ्या. थांबवलेली गोळी थांबलेलीच राहते, हा प्रकार फार होतो. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकलची लस फॅमिली डॉक्टरांनी दिली.

सहाव्या महिन्यात पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजारातला त्रास हलका करणाऱ्या, डॉक्टरांशी भेट ठेवली तेव्हा घरात सगळे गप्प झाले. शेवट आलाय असा अर्थ निघाला. त्या डॉक्टरांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं की उपचार सगळे चालूच राहणार आहेत. तब्येत बरी असताना बोललं तर काकांना काय हवं ते काकांच्याच तोंडून कळतं. बाबांनी व्हेंटिलेटरबद्दल, हॉस्पिटलबद्दल, त्यांच्या वतीने कुणी बोलायचं याबद्दल सांगितलं. एक पान झालं, सही झाली, प्रत फाइलमध्ये. त्या रात्री बाबा शांत झोपले.

खर्चाचं सांगायचं तर हॉस्पिटलच्या बिलापेक्षा रोजच्या गोळ्यांचा भार दीर्घकाळ राहतो, त्यातही सॅक्युबिट्रिल-वलसार्टनचा. परवडत नसेल तर दिवसाआड घेऊ नका, डॉक्टरांना सांगा; दुसऱ्या कंपनीची तीच गोळी किंवा एनालाप्रिलसारखा जुना, स्वस्त पर्याय असतो, फक्त ते ३६ तास विसरायचे नाहीत. रक्ताच्या तपासण्या पहिल्या तीन महिन्यांत सात झाल्या, पुढे दर चार महिन्यांनी. प्रत्येक रिपोर्ट आणि पावती तारखेप्रमाणे एकाच फाइलमध्ये; विम्याने दोनदा जुने कागद मागितले.

बारा महिन्यांचा इको: ईएफ ४४. बाबांनी लगेच विचारलं, "मग आता गोळ्या कमी?" डॉक्टरांनी २०१९ चा ट्रेड-एचएफ अभ्यास सांगितला. हृदयाचा स्नायू ताणून पंपिंग घसरलेल्या, नंतर औषधांवर पूर्ण सुधारलेल्या लोकांत गोळ्या टप्प्याटप्प्याने थांबवल्या, तर सहा महिन्यांत ४४ टक्के लोकांचा आजार उलटला. योगायोगाने आकडा बाबांच्या ईएफचाच. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "राहू द्या मग." टॉरसेमाइड मात्र आता रोज नाही, वजन कोरड्या वजनाच्या दीड किलो वर गेलं तरच. पुढची भेट सहा महिन्यांनी, पोटॅशियम-क्रिएटिनिन चार महिन्यांनी. कोरडं वजनही नव्याने ठरलं, आधीपेक्षा थोडं जास्त, कारण रिहॅबनंतर बाबांच्या मांड्या भरल्या आहेत. वहीच्या नव्या पानावर सिस्टरांनी तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला आणि जुना एका रेघेने खोडला.